विश्लेषण : गर्दीतला एकटा माणूस मर्ढेकरांनी शब्दांत कसा रंगवला?

भाईंदर किंवा मीरा रोड स्थानकावर सकाळी आठच्या सुमारास उभे राहिले, की एक गोष्ट सहज लक्षात येते. माणसे एकमेकांना खेटून उभी असतात, पण कुणी कुणाकडे पाहत नाही. मराठी साहित्यात या अवस्थेचे पहिले ठसठशीत चित्र रेखाटले ते बा. सी. मर्ढेकर यांनी, आणि तेही सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी. त्यांच्या प्रतिमांनी वाचक हादरले, टीकाकार चिडले आणि सरकारने अश्लीलतेचा खटलाही भरला. आज मर्ढेकर अभ्यासक्रमात आहेत, परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न विचारले जातात. पण त्यांच्या कवितेतल्या चित्रांनी एवढी खळबळ का उडवली? ‘तो एकटा होता’ असे न लिहिता एकटेपण दाखवायचे, हे त्यांना कसे साधले? त्यांच्या आयुष्याच्या आधारे हे समजून घेऊ.

मर्ढेकर कोण होते?

बाळ सीताराम मर्ढेकर यांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशातील फैजपूर येथे झाला. हे गाव आज जळगाव जिल्ह्यात आहे. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील मर्ढे. आडनाव त्यावरूनच पडले. शालेय शिक्षण खानदेशात आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. त्या काळात हुशार मध्यमवर्गीय मुलापुढे आयसीएस, म्हणजे ब्रिटिश राजवटीतील सर्वोच्च सनदी सेवा, हे मोठे स्वप्न असे. मर्ढेकर त्यासाठी १९२९ मध्ये इंग्लंडला गेले. तिथे ते सुमारे चार वर्षे राहिले, परंतु आयसीएस होऊ शकले नाहीत. परतल्यावर काही काळ इंग्रजी वृत्तपत्रात काम, काही काळ महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन असे करत १९३८ मध्ये ते ऑल इंडिया रेडिओच्या नोकरीत शिरले. या नोकरीत त्यांच्या अनेक ठिकाणी बदल्या झाल्या. २० मार्च १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४६ होते.

एवढ्या आयुष्यात त्यांनी तीन कवितासंग्रह, तीन कादंबऱ्या, काही संगीतिका, एक नाटक आणि सौंदर्यशास्त्रावरील मूलगामी लेखन केले. आकाराने हे काम फार मोठे नाही. मात्र मराठी कवितेची विभागणी मर्ढेकरांपूर्वीची आणि मर्ढेकरांनंतरची अशी केली जाते, यावरून त्याचे वजन लक्षात येते.

लंडनमधून त्यांनी काय आणले?

पदवी आणि पद मिळवण्यासाठी गेलेला हा तरुण परतला तो वेगळाच ऐवज घेऊन. पहिल्या महायुद्धानंतरचा युरोप आतून हादरलेला होता. टी. एस. एलियट यांची ‘द वेस्ट लँड’ ही दीर्घ कविता आणि जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ ही कादंबरी, दोन्ही १९२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या होत्या. मोठ्या शहरातला माणूस आतून कसा तुटतो, हे सांगण्याच्या नव्या रीती तिथे शोधल्या जात होत्या. चित्रकला, संगीत आणि साहित्य यांना जोडणारे सौंदर्याचे नियम कोणते, यावरही चर्चा सुरू होती. मर्ढेकरांना या चर्चेची गोडी लागली ती कायमची. त्यांचे ‘आर्ट्स अँड द मॅन’ हे इंग्रजी पुस्तक १९३७ मध्ये आले.

मराठीत त्यांनी पुढे ‘रात्रीचा दिवस’ (१९४२), ‘तांबडी माती’ (१९४३) आणि ‘पाणी’ (१९४८) या कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या कादंबरीत त्यांनी संज्ञाप्रवाहाची पद्धत वापरली. म्हणजे घटना एकापाठोपाठ एक न सांगता, पात्राच्या मनात ज्या क्रमाने विचार, आठवणी आणि तुटक शब्द येतात, त्या क्रमाने ते मांडायचे. मराठी वाचकाला हे अपरिचित होते. माणूस बाहेरून चारचौघांत वावरतो आणि आत त्याचे वेगळेच काही चाललेले असते, ही जाणीव त्यांच्या कवितेतही पुढे ठळकपणे उतरली.

सुरुवातीची कविता कशी होती?

मर्ढेकरांचा पहिला संग्रह ‘शिशिरागम’ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली कविता वाचून पुढच्या वादळाची कल्पना येत नाही. प्रेम, विरह, निसर्ग आणि हळवी उदासी हे विषय, आणि बालकवी, माधव जूलियन यांच्या कवितेवर वाढलेली भाषा. पानगळीच्या ऋतूचे नाव संग्रहाला आहे, तशीच त्यातली खंतही ओळखीची आहे. या कवितेत दुःख आहे, पण ते सांगण्यासाठी वापरलेली फुले, पाने, चांदणे ही सामग्री आधीच्या कवींनी वापरून वापरून गुळगुळीत केलेली होती.

त्यानंतर आठ वर्षांनी, १९४७ मध्ये, ‘काही कविता’ हा संग्रह आला. मधल्या काळात दुसरे महायुद्ध झाले, बंगालमध्ये १९४३ चा भीषण दुष्काळ पडला, शहरांत रेशनच्या रांगा लागल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या स्फोटकांनी भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसे मेली. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. या काळाला फुलापानांची जुनी भाषा पुरणार नव्हती. मर्ढेकरांच्या कवितेत आता पिंप, उंदीर, मुंग्या, काच, डांबर, बेकेलाइट, विजेचे दिवे आणि विजेवर चालणारी गाडी आली. दुःख तेच होते, पण ते आता अशा वस्तूंतून दिसू लागले, ज्यांना कवितेत प्रवेशच नव्हता.

गणपत वाणी हे उदाहरण महत्त्वाचे का?

दृश्य तपशिलातून माणूस कसा उभा राहतो, हे पाहायचे तर मर्ढेकरांची गणपत वाण्यावरची कविता घ्यावी. तिचा नायक एक साधा किराणा दुकानदार आहे. तो बिडी ओढतो, काडी चावतो आणि या जागेवर कधीतरी माडी बांधायची असे स्वतःशीच म्हणतो. मग एक डोळा मिचकावतो, एक भुवई उडवतो आणि चावलेली काडी भिरकावून देतो. दिवसभर जिरे, धणे, तेल विकतो, हिशेब करतो. रात्री मिणमिणत्या उजेडात तुकोबांची गाथा वाचत आडवा होतो. अंथरूण गोणपाटाचे, त्यावर विटकरी रंगाची सतरंजी, उशाला पोते, आडोशाला तुपाचा वास. एक दिवस बिडी पीत असतानाच तो मरून जातो. चावून फेकलेल्या काड्या मात्र दुकानाच्या जमिनीत रुतून राहतात.

या कवितेत काय नाही, हेही पाहण्यासारखे आहे. गणपत वाण्याला बायको नाही, मुले नाहीत, मित्र नाही. गिऱ्हाइके आहेत, पण त्यांपैकी एकालाही चेहरा नाही. तो जे काही बोलतो ते स्वतःशीच. त्याला एकाकी म्हणणारा एकही शब्द कवीने वापरलेला नाही, त्याची कीवही सरळ केलेली नाही. वाचकाला दिसतात ती फक्त अंथरूण, उशी, काडी आणि डोळ्याची ती उघडझाप. एवढ्यावरून त्याची हाव, त्याची काटकसर, त्याचा भाबडेपणा आणि त्याचे कुणी नसणे, हे सगळे कळते.

काडीचा उपयोग मर्ढेकर कसा करतात, हे तर विशेष आहे. सुरुवातीला ती नुसती सवय असते. पुढे माडीच्या स्वप्नाशी ती जोडली जाते, कारण काडी चावतानाच ते स्वप्न पडते. शेवटी माणूस संपतो आणि ज्या जमिनीवर माडी उभी राहायची, त्याच जमिनीत काड्या उरतात. माडी आणि काडी हे यमकही इथे शोभेपुरते राहत नाही. एका आयुष्यातले अंतर ते मोजून दाखवते. शेवटी मर्ढेकर आंधळ्याने एक डोळा मागितल्यावर देव दोन देतो ही रोजच्या बोलण्यातली म्हण घेतात, आणि ती जन्मांधाला लावून तिच्यातला दिलासा काढून घेतात. मरण हेच मागितल्यापेक्षा जास्त मिळालेले दान ठरते.

उंदरांच्या कवितेने वाद का झाला?

गणपत वाण्याला निदान नाव तरी आहे. मर्ढेकरांच्या ज्या कवितेने सर्वाधिक गदारोळ झाला, तिच्यात नावेही नाहीत. आहेत ते ओल्या पिंपात मरून पडलेले उंदीर. बडोद्याहून निघणाऱ्या ‘अभिरुचि’ मासिकात ही कविता आधी प्रसिद्ध झाली आणि नंतर ‘काही कविता’मध्ये आली. कविता म्हणजे सुंदर वस्तूचे सुंदर वर्णन, असे मानणाऱ्या वाचकांना ती किळसवाणी वाटली. काहींना ती दुर्बोध वाटली, तर काहींनी तिची विडंबने केली. तिचा अर्थ लावण्याचे प्रयत्न पुढे अनेक दशके सुरू राहिले.

कवितेतले चित्र साधे आहे. पिंपात प्राणी एकावर एक पडले आहेत. त्यांची तोंडे एकमेकांना टेकली आहेत, पण त्या स्पर्शात कसलीच ओढ नाही. माना कुणी न मुरगळताच पडल्या आहेत. बिळात जगणे आणि पिंपात मरणे, दोन्ही त्यांच्यावर लादलेले आहे. पुढे कवी उदासीला काचेचे डोळे देतो, आणि ओठांवरची गोडी बेकेलाइटची झाल्याचे सांगतो.

बेकेलाइट हे पूर्णपणे कृत्रिम असे पहिले प्लास्टिक. लिओ बेकलँड यांना त्याचे अमेरिकी पेटंट डिसेंबर १९०९ मध्ये मिळाले. म्हणजे मर्ढेकरांचा जन्म आणि हे पेटंट एकाच महिन्यातले. १९४० च्या दशकात विजेची बटणे, टेलिफोन आणि रेडिओचे खोके बेकेलाइटचे असत. रेडिओच्या नोकरीतील माणसाच्या हाताखालची ही रोजची वस्तू होती. ती चकचकीत असते, दिसायला गुळगुळीत असते, पण तिच्यात जीव नसतो. ओठांवरच्या गोडीला हा पदार्थ जोडल्यामुळे, वरवर गोड आणि आतून निर्जीव झालेल्या मानवी संबंधांची कल्पना वाचकाला एका शब्दात येते.

मग हे उंदीर म्हणजे कोण? काहींना त्यात महायुद्धातल्या सामूहिक मृत्यूंची सावली दिसली, काहींना यंत्रयुगातल्या शहरातला सामान्य माणूस. दोन्ही वाचनांत एक धागा समान आहे. शरीरे जितकी जवळ, तितकी मने दूर. एकाकीपण म्हणजे निर्जन जागा, ओसाड वाट, सोडून गेलेले घर, असा संकेत मराठी कवितेत रूढ होता. मर्ढेकरांनी एकाकीपण खच्चून भरलेल्या पिंपात दाखवले. त्यांच्या दुसऱ्या एका कवितेत माणसे मुंग्या होतात. इथल्याही आणि परदेशातल्याही. त्यांची संख्या वाढत कोटींवर जाते आणि प्रत्येक जण वेगळा उरतच नाही.

अश्लीलतेचा खटला काय होता?

‘काही कविता’ प्रसिद्ध झाल्यानंतर त्यातल्या काही कविता अश्लील असल्याचा आरोप ठेवून सरकारने मर्ढेकरांवर खटला भरला. या खटल्यातला विरोधाभास लक्षणीय होता. आरोपी स्वतः सरकारी नभोवाणीत नोकरीला होता. स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते, आणि नव्या सरकारच्या काळात एका सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कवितांसाठी आरोपी म्हणून उभे राहावे लागले.

अश्लीलता ठरवण्याची त्या वेळची कसोटी इंग्लंडमधील १८६८ च्या एका निकालातून आलेली होती. अशा लेखनाला बळी पडू शकेल अशा वाचकाचे मन बिघडवण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे का, असा तो प्रश्न होता. त्यामुळे संपूर्ण कृतीपेक्षा तिच्यातला सुटा शब्द किंवा सुटे वर्णन पकडणे सोपे जाई. प्रतिमांच्या आधारे उभ्या असलेल्या कवितेसाठी ही कसोटी विशेष अडचणीची ठरते. विधान असेल तर ते खोडता येते, त्याचा खुलासा देता येतो. चित्राचा खुलासा कसा द्यायचा? शरीराच्या अवयवाचा उल्लेख तेवढा उचलला, तर तो अश्लील वाटू शकतो. पिंपातल्या बाकीच्या दृश्यासह पाहिला, तर तो माणसाच्या विटंबनेचा भाग होतो.

अखेर मर्ढेकर या आरोपातून निर्दोष सुटले. या सगळ्या काळात त्यांनी लेखन थांबवले नाही. ‘आणखी काही कविता’ हा त्यांचा तिसरा संग्रह १९५१ मध्ये आला. त्याचे नाव पाहिले, तर आधीच्या संग्रहाचाच धागा त्यांनी शांतपणे पुढे नेला हे दिसते. ज्या नावाच्या पुस्तकावर आरोप झाले, तेच नाव एका शब्दाची भर घालून त्यांनी पुन्हा वापरले.

त्यांची कविता केवळ किळस आणि निराशेची होती का?

तसा समज बराच काळ होता आणि आजही काही प्रमाणात आहे. तो खोडण्यासाठी मुंबईच्या पहाटेवरची त्यांची कविता पुरेशी आहे. माघातली, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीतली, गारठ्याची पहाट. मुंबई बंदराच्या त्या उजळत्या रूपाला मर्ढेकर नुकत्याच न्हालेल्या गर्भवतीची उपमा देतात. घरे काळोखाच्या उशीवरून डोकी उचलतात, गवळी कावडीवरून पिवळे हंडे नेतात, समुद्रपक्षी लाटांमधून सूर्य टिपतात, धक्क्यावर रंगीत बोटी अजून झोपेत असतात. गरम चहाचा वास येतो. डांबरी रस्त्यावरही एक सुगंध पसरलेला असतो.

डांबरी रस्ता आणि निशिगंध एकाच ओळीत येणे, हे त्या काळी धाडसाचे होते. शहर म्हणजे कुरूप आणि खेडे म्हणजे सुंदर, ही ठरलेली वाटणी या कवितेने मोडली. पण ही कविता केवळ गोड चित्र रंगवून थांबत नाही. या शांततेच्या पोटात प्रचंड धांदल लपली आहे आणि ती कोणत्याही क्षणी बाहेर पडेल, असे कवी सांगतो. गर्भवतीची उपमा इथे पूर्ण होते. पोटात जे वाढते आहे, ते म्हणजे दिवसभराची मुंबई. हाती उरतो तो घोटभर गारवा.

ही कविता आणि उंदरांची कविता शेजारी ठेवून वाचली, तर एक गोष्ट ध्यानात येते. न्हाण दोन्हीकडे आहे. पहाटेच्या कवितेत ते जन्माच्या तयारीचे आहे, पिंपात ते मेलेल्या शरीरांचे आहे. मानही दोन्हीकडे आहे. एकीकडे ओझ्याने वाकलेली गवळ्याची मान, दुसरीकडे मेलेल्या उंदरांच्या लोळलेल्या माना. एकच कवी तेच तपशील घेऊन मुंबईची दोन चित्रे काढतो. त्यांपैकी एकच निवडून त्याला निराशावादी ठरवणे म्हणूनच अपुरे ठरते.

प्रतिमेविषयी त्यांचा सिद्धांत काय होता?

मर्ढेकर हे करताना अंधारात चाचपडत नव्हते. प्रतिमा कशी काम करते, याचा त्यांनी स्वतंत्र विचार केला होता. त्यांची मराठीतली सौंदर्यविषयक मांडणी ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथांत आहे. कलाकृतीतल्या घटकांमध्ये संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी रचना सिद्ध होते आणि सौंदर्य त्या रचनेत असते, असे त्यांनी मांडले. विषय सुंदर असण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजेच उंदीर हा विषय कवितेला वर्ज्य ठरण्याचे कारण उरत नाही.

त्यांची ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संज्ञा इथे उपयोगी आहे. नाव अवघड असले, तरी कल्पना सोपी आहे. जुन्या पद्धतीची उपमा दोन वस्तूंच्या दिसण्यातले साम्य शोधते. चेहरा गोल, चंद्र गोल. मर्ढेकरांच्या मते कवीला जोडायच्या असतात त्या आपल्या मनात सारखीच भावना जागवणाऱ्या गोष्टी, मग त्या दिसायला कितीही वेगळ्या असोत. बंदर आणि गर्भवती यांच्या आकारात काही साम्य नाही. दोन्ही पाहून मनात जागणारी शांत, भरलेली, काहीशी काळजीयुक्त भावना मात्र सारखी आहे. बेकेलाइट आणि ओठ यांचेही तसेच.

या कल्पनेमुळे वाचकाचेही काम बदलते. दिसण्यातले साम्य डोळ्यांना लगेच कळते. भावनेतले साम्य कळायला क्षणभर थांबावे लागते. मर्ढेकर दुर्बोध वाटले, त्याचे एक कारण हेच होते. साम्य कुठे आहे हे शोधण्याचा तेवढा क्षण त्यांनी वाचकावर सोपवला.

संतकवितेशी त्यांचे नाते कसे होते?

मर्ढेकरांवर पाश्चात्त्य अनुकरणाचा आरोप झाला, पण त्यांच्या कवितेचा साचा पाहिला तर तो अभंगाचा आणि ओवीचा आहे. ज्ञानेश्वर, तुकाराम आणि रामदास यांची भाषा त्यांच्या कानात मुरलेली होती. गणपत वाण्याच्या उशाशी गाथा असणे हा योगायोग नाही. शहरी नोकरदाराच्या दिनक्रमावरची त्यांची एक कविता संतांच्या उपदेशाच्या चालीत चालते. सकाळी उठून देवाचे नाव घ्यावे, अशी अपेक्षा वाचकाच्या कानात तयार होते आणि प्रत्यक्षात येतात चहा-कॉफी, वीजगाडी आणि वरिष्ठांपुढची लाचारी.

हा केवळ विनोद नाही. अभंगाच्या चालीमागे एक समाज उभा असतो. वारीतही गर्दी असते, पण तिथला माणूस शेजारच्याला माउली म्हणतो, त्याच्या पाया पडतो. वीजगाडीतल्या गर्दीत ते नाते नाही. चाल जुनी ठेवून मजकूर बदलल्यामुळे काय हरवले आहे, ते न सांगता ऐकू येते. चित्र डोळ्यांसमोर वर्तमान आणते आणि चाल भूतकाळ. या दोहोंतल्या फटीत मर्ढेकरांचा माणूस अडकलेला दिसतो. देवाला साद घालणाऱ्या, स्वतःतला कठीणपणा विरघळावा म्हणून विनवणाऱ्या कविताही त्यांनी लिहिल्या, त्यामागेही हीच ओढ होती.

त्यांच्यानंतर काय झाले?

मर्ढेकरांचे निधन झाले त्याच १९५६ या वर्षाचा साहित्य अकादमी पुरस्कार ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला मिळाला. कवितेमुळे कोर्टाची पायरी चढावी लागलेल्या लेखकाच्या समीक्षेला राष्ट्रीय पातळीवर दाद मिळाली. त्यांच्या काळातच गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आकार घेत होती, तर कवितेत विंदा करंदीकर, पु. शि. रेगे वेगवेगळ्या वाटा शोधत होते. पुढे दिलीप चित्रे यांनी मराठी कवितेचे इंग्रजी संकलन केले, तेव्हा त्यासाठी १९४५ ते १९६५ हा कालखंड निवडला. नव्या मराठी कवितेची सुरुवात कुठून धरायची, याचे ते एक उत्तरच होते. विजया राजाध्यक्ष यांनी मर्ढेकरांच्या कवितेचा दोन खंडांत सविस्तर अभ्यास केला आणि त्यालाही साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

शहराचा गलिच्छ, दुखरा, नाकारलेला भाग कवितेत आणण्याचा जो रस्ता पुढे अरुण कोलटकर आणि नामदेव ढसाळ यांच्यासारख्या कवींनी आपापल्या पद्धतीने रुंद केला, त्यावरचा पहिला अडसर मर्ढेकरांच्या पिढीने हटवला होता. अर्थात ढसाळांनी दाखवलेली मुंबई मर्ढेकरांच्या मध्यमवर्गीय नजरेच्या पलीकडची होती, हेही लक्षात ठेवावे लागते.

मीरा-भाईंदरच्या वाचकाला याचे काय?

बोरिवली ते विरार या मार्गावर विजेची गाडी १९३६ मध्ये सुरू झाली. मर्ढेकर ‘काही कविता’तल्या कविता लिहीत होते, त्या काळात भाईंदर हे मिठागरांचे आणि गावठाणांचे ठिकाण होते. मुंबईत नोकरी करून इथे झोपायला येणाऱ्यांचे शहर ते अजून झालेले नव्हते. १९८५ मध्ये इथे नगर परिषद आली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजार ३७८ नोंदली गेली. मर्ढेकरांनी वीजगाडीतला जो माणूस पाहिला, त्याच्यासारखी लाखो माणसे इथे नंतर राहायला आली.

या माणसांविषयी सहसा बोलले जाते ते आकड्यांत. किती प्रवासी, किती फेऱ्या, किती मिनिटे उशीर. हे आकडे आवश्यकच आहेत. पण डब्यात दाराशी लोंबकळणारा एक माणूस काय विचार करतो, त्याच्या डोक्यात कोणती माडी आहे, हे त्यांतून कळत नाही. दुकानाच्या मागेच झोपणारा किराणावाला या शहरातही सापडतो. त्याच्याकडून रोज दूध-साखर घेणाऱ्याने त्याचे अंथरूण कधी पाहिलेले नसते. मर्ढेकरांनी ते पाहिले, सतरंजीच्या रंगासह.

त्यांची कविता आज वाचायची ती या नजरेसाठी. एखाद्या माणसाविषयी मत बनवण्याआधी त्याच्या हातातली काडी पाहावी, त्याची उशी कशाची आहे ते पाहावे, एवढे ती शिकवते. ‘काही कविता’ आणि ‘आणखी काही कविता’ हे संग्रह ‘मर्ढेकरांची कविता’ या एकत्रित पुस्तकात वाचता येतात. त्यातली एक कविता वाचायला चर्चगेट ते भाईंदर प्रवासातले एक स्थानकही पुरते. ती समजायला मात्र उरलेला प्रवास लागू शकतो.